कामगाराची सुट्टी आणि सत्तर रुपयांचा पास



पिंपरी, चिंचवड आणि भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत गुरुवार हा सुट्टीचा वार. अनेक कारखान्यांची यंत्रे त्या दिवशी विसावतात. परंतु कामगाराच्या मुलांची शाळा त्या दिवशी भरते, आणि मुलांना रविवारची सुट्टी असते तेव्हा वडील कामावर असतात. सर्व कुटुंबाने एकत्र घराबाहेर पडावे असे दिवस त्यामुळे वर्षातून मोजकेच लाभतात. दिवाळीचे चार दिवस आणि मे महिन्यातील एखाददुसरा गुरुवार, एवढीच ती शिल्लक. हे दिवसही बहुधा घरातच जातात. त्याची कारणे दोन सांगितली जातात. बाहेर पडावयाचे तर खर्च फार येतो, हे एक. आणि या कारखान्यांच्या गावात पाहण्यासारखे आहे तरी काय, हे दुसरे. ही दोन्ही कारणे तपासून पाहण्याजोगी आहेत.

दुसऱ्या कारणाचा विचार प्रथम करू. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पाहता पाहता पवनेच्या काठची शेते कारखान्यांनी व्यापली. १९७० साली येथे नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे मोटारींचे मोठे कारखाने चाकणपर्यंत पोहोचले. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आणि परप्रांतांतूनही माणसे येथे आली. त्यांना हा परिसर भेटला तो कारखान्याच्या फाटकाशी. वास्तविक ज्या गावांच्या जमिनीवर हे उद्योग उभे राहिले, ती गावे उद्योगांच्या कितीतरी आधीपासून महाराष्ट्राच्या इतिहासात नाव राखून आहेत. वीस वर्षे येथे राहूनही ज्याने ती पाहिली नाहीत, तो या भूमीत पाहुणाच राहिला असे म्हणावे लागेल. त्याची मुले तर येथेच जन्मली. त्यांनाही आपले गाव ठाऊक नसावे, ही खरी हानी होय.

आता खर्चाचे पाहू. पिंपरी-चिंचवडची स्वतंत्र बससेवा १९७४ मध्ये सुरू झाली. २००७ मध्ये ती पुण्याच्या बससेवेत विलीन होऊन पुणे महानगर परिवहन महामंडळ स्थापन झाले. या सेवेचे उत्पन्न खर्चास पुरत नाही. तुटीचा भार पुणे महानगरपालिकेने साठ व पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने चाळीस टक्के उचलावा अशी व्यवस्था आहे. याचाच अर्थ असा की, घरपट्टी भरणाऱ्या नागरिकाने या बसचा काही खर्च आधीच दिलेला आहे. मग तिचा उपयोग केवळ कामावर जाण्यायेण्यापुरताच का करावा?

१ जून २०२५ पासून लागू झालेल्या दरानुसार पहिल्या पाच किलोमीटरला दहा रुपये पडतात आणि तीस किलोमीटरपर्यंत दर पाच किलोमीटरला दहा रुपये वाढतात. दोन्ही महानगरपालिकांच्या हद्दीत दिवसभर फिरण्याचा पास सत्तर रुपयांस, तर हद्दीबाहेरच्या मार्गांसह सर्वत्र चालणारा पास दीडशे रुपयांस मिळतो. येथे थोडा हिशेब करावा. आठ-नऊ किलोमीटरवरच्या एकाच ठिकाणी जाऊन यावयाचे असेल, तर माणशी चाळीस रुपये होतात; तेथे पास घेणे तोट्याचे. मात्र तीनचार ठिकाणी उतरावयाचे असेल तर प्रत्येक बस बदलताना नवे तिकीट काढावे लागते, आणि तेथे पास उपयोगी पडतो. पास हा जणू वारंवार उतरण्याचा परवाना आहे.

असा एक दिवस निगडीपासून आरंभावा. तेथील भक्ती-शक्ती उद्यानात शिवछत्रपती आणि संत तुकाराम यांच्या भेटीचे शिल्प आहे. शेजारचा १०७ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ दुरूनच नजरेस पडतो. तेथून बसने आकुर्डीस यावे. आषाढी वारीत तुकाराममहाराजांची पालखी येथील विठ्ठल मंदिरात मुक्कामास असते. पुढे बस बदलून चिंचवडगाव गाठावे. पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आहे. नदीचा घाट, मंदिराचे दगडी काम आणि जवळचा मंगलमूर्ती वाडा पायी पाहून होतो. याच गावचे चापेकर बंधू. २२ जून १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या काळातील अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. दामोदर चापेकर १८९८ मध्ये, बाळकृष्ण व वासुदेव १८९९ मध्ये फासावर गेले. एका घरातील तीन भाऊ गेले. ज्या चापेकर चौकात कामगार रोज बसची वाट पाहतो, त्या चौकाच्या नावामागे ही कथा आहे. ती मुलांना तेथेच उभे राहून सांगावी.

दुसरा दिवस हद्दीबाहेरचा. निगडीहून देहू आणि भोसरीहून आळंदी, या दोन्ही मार्गांवर बससेवा आहे. देहूस इंद्रायणीचा डोह व गाथा मंदिर, तर आळंदीस ज्ञानेश्वरमहाराजांची १२९६ मधील संजीवन समाधी. तिसरा मार्ग भोसरीहून मोशीवरून चाकणला जातो. चाकणच्या ऐन वस्तीत संग्रामदुर्ग हा भुईकोट आहे. १६६० च्या पावसाळ्यात शायिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्याने तो जवळजवळ दोन महिने लढविला. अखेर भुयार खणून मोगलांनी बुरूज उडविला, तेव्हाच तो पडला. आज तट व खंदक यांचे अवशेष तेवढे उरले आहेत. सुटे भाग घेऊन धावणाऱ्या मालमोटारींच्या गर्दीत ते सहज नजरेआड होतात. याच रस्त्याने पुढे राजगुरुनगर लागते. २३ मार्च १९३१ रोजी लाहोरास फाशी गेलेल्या हुतात्मा राजगुरूंचे ते जन्मगाव.

या प्रवासात अडचणी नाहीत असे नाही. पाळी बदलण्याच्या वेळी बसमध्ये पाय ठेवावयास जागा नसते, आणि चाकणच्या रस्त्यावरील वाहतूक कोंडी सर्वांच्या परिचयाची आहे. म्हणून पहिली पाळी आत गेल्यावर निघावे आणि दुपारची पाळी सुटण्यापूर्वी किंवा ती गर्दी ओसरल्यावर परतावे. एकादशीस देहू-आळंदी टाळल्यास दर्शन निवांत होते. पास काढण्यापूर्वी आपण कोठे जाणार ते वाहकास सांगावे, म्हणजे हद्दीचा घोटाळा होत नाही. उतरल्याबरोबर परतीच्या शेवटच्या बसची वेळ विचारून ठेवावी. ‘आपली पीएमपीएमएल’ या मोबाइल ॲपवरही बसची माहिती मिळते. पाण्याची बाटली आणि घरची भाजी-भाकरी सोबत असल्यास खर्च तिकिटापुरताच राहतो.

चौघांच्या कुटुंबास चार पासांचे दोनशे ऐंशी रुपये लागतात. रक्कम अगदीच क्षुल्लक नव्हे. पण रिक्षाने इतकी ठिकाणे करावयाची तर प्रत्येक टप्प्याचे भाडे वेगळे मोजावे लागेल.

कामगार रोज ज्या बसने यंत्राकडे जातो, तीच बस सुट्टीच्या दिवशी त्याला समाधीपाशी, घाटावर आणि किल्ल्याच्या तटाखाली नेऊन सोडते. वाहक तोच, थांबेही तेच. त्या दिवशी एवढेच करावयाचे की, नेहमीच्या थांब्यावर न उतरता थोडे पुढे जावयाचे आणि मुलांना खिडकीजवळ बसवावयाचे.