बोटाने दाबायच्या जागा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



गेल्या महिन्यात आपल्या मंडळात मुलींसाठी स्वसंरक्षणाचा वर्ग झाला. शिकवायला आलेल्या गृहस्थांनी आपल्या एका शिष्याच्या मानेला दोन बोटे लावली मात्र, तो सतरंजीवर आडवा! टाळ्या पडल्या. घरी जाताना माझी नात म्हणाली, "आजी, तुला बिंदू येतात ना? मग मला ते दोन बोटांचे शिकव." चिटणीसबाईंच्या कानावर हे गेले आणि आज मी आपणांपुढे उभी आहे. मी चिनी पद्धतीचा बिंदुदाब काही वर्षे शिकले; मी डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगून टाकते.

ही विद्या चीनची. सुंग राजवटीत, १०२७ साली, वांग वेइयी नावाच्या राजवैद्याने माणसाएवढे दोन काशाचे पुतळे ओतवून घेतले. अंगावर साडेतीनशेंच्या वर बिंदू नावानिशी कोरलेले आणि प्रत्येक जागी भोक. परीक्षेच्या वेळी पुतळ्याला बाहेरून मेण लिंपीत आणि आत पाणी भरीत, असे सांगतात. सुई नेमक्या जागी टोचली तर पाणी बाहेर येई, चुकली तर विद्यार्थी नापास. आमच्या वेळी असा परीक्षक असता तर मी पहिल्याच वर्षी घरी आले असते! आज जागतिक आरोग्य संघटनेने ३६१ बिंदूंच्या जागा ठरवून दिल्या आहेत.

जागा शोधायची ती ज्याची त्याच्या अंगठ्याच्या रुंदीने. आपल्या आयुर्वेदातल्या अंगुळासारखेच हे माप. त्यामुळे माझे बोट तुमच्या मनगटावर चालत नाही. हाताला वळण लागावे म्हणून शिकाऊ माणसाला आधी तांदळाच्या पिशवीवर अंगठा चालवायला लावतात. खांदा सैल सोडून जोर मनगटातून उतरवायचा असतो. नुसत्या पेराने रेटले की दुसऱ्या दिवशी आपलाच अंगठा सुजतो. जागा सापडली की रोग्याला ठणक, मुंग्या किंवा जडपणा जाणवतो.

आता मारामारीकडे. १६६९ साली हुआंग चोंगशी ह्या विद्वानाने वांग चेंगनान नावाच्या एका मुष्टियोद्ध्याचा मृत्युलेख लिहिला. हा योद्धा प्रतिपक्षाच्या बिंदूंवरच मारी, त्यांत जीव घेणारे, भोवळ आणणारे आणि वाचा बंद करणारे बिंदू होते, आणि ते सारे काशाच्या पुतळ्याच्या चित्राप्रमाणे होते, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे नकाशा एकच, वैद्याचाही आणि मल्लाचाही. सुश्रुताने १०७ मर्मे सांगितली, त्यांचाही शस्त्रक्रिया करताना उपयोग आणि लढाईतही. पुढे कादंबऱ्यांनी आणि सिनेमांनी ह्याचे इतके वाढवले, की बोट लावल्यावर माणूस तिसऱ्या दिवशी मरतो म्हणे!

त्यात खरे किती? ज्यूदोत मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या आवळल्या तर माणूस दहाएक सेकंदांत बेशुद्ध पडतो. छातीवर नेमक्या क्षणी बसलेल्या चेंडूनेही हृदय थांबू शकते. पण हे रक्ताचे आणि हृदयाचे काम झाले, दोन बोटांची जादू नव्हे. कानाखाली दाबले की कळ येते खरी. पण दारू प्यालेल्या किंवा पिसाळलेल्या माणसाला ती जाणवेलच असे नाही, आणि तो काही मान पुढे करून उभा राहत नाही. वर्ग संपल्यावर मी त्या गृहस्थांना म्हटले, "माझ्यावर करून दाखवा." त्यांनी दाबले. दुखले, पण मी उभीच! तेव्हा म्हणाले, "बाई, तुम्ही जीभ टाळूला लावली असेल." आता रस्त्यावरच्या गुंडाला जीभ कुठे ठेवायची हे कोण सांगणार?

नातीला मी सांगितले, मनगट धरले तर त्याच्या अंगठ्याच्या बाजूने हात पिळून सोडव, गुडघ्यावर लाथ घाल, मोठ्याने ओरड आणि पळ. ती जरा हिरमुसली.

मळमळीवर मात्र बिंदूचा गुण मी पाहिला आहे. मनगटाच्या घडीपासून आपलीच तीन बोटे वर, दोन शिरांसारख्या दोऱ्यांच्या मधोमध, 'नेइग्वान'. शस्त्रक्रियेनंतरच्या ओकारीवर त्याचा उपयोग होतो, असे कॉक्रेन संस्थेच्या २०१५ सालच्या आढाव्यातही आले आहे.

आणि ह्याच बिंदूने मला फसवले. चिनी वैद्य तो छातीच्या धडधडीवरही सांगतात. तीन वर्षांपूर्वी एका पहाटे ह्यांच्या छातीत भरून आले. मी मोठ्या विश्वासाने मनगट धरून बसले. पाऊण तास! "बरे वाटते आहे," असे हेही म्हणाले. वरच्या वहिनी विरजण मागायला आल्या, ह्यांच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि मला काही न विचारता रिक्षा आणायला धावल्या. हृदयविकाराचा झटका होता. वेळ गेल्याने हृदयाचा काही भाग कायमचा निकामी झाला. हे आज मागच्या खुर्चीवर बसले आहेत; जिना चढताना दोनदा थांबतात. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. मी मात्र ते मनगट अजून विसरले नाही.

चहा झाल्यावर मी तांदळाची पिशवी घेऊन कोपऱ्यात बसणार आहे. चौघी-चौघी या. ज्यांना दिवस गेले आहेत त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातला बिंदू दाबू नये. जुने वैद्यही तो गरोदरपणात वर्ज्य मानतात. आणि वरच्या वहिनी आल्या असतील तर त्यांना पहिला चहा द्या.