दोह्याला जाणारा डबा

(कोजागरीच्या संध्याकाळी सभामंडपात ज्येष्ठ सभासदांपुढे झालेले भाषण)



दिवाळी पंधरवड्यावर आली. आपल्या आळीतल्या किती घरांतली मुलं आखातात आहेत, हे मी सांगायला नको. आता घरोघरी डबे भरले जातील. कतारला, दोह्यात, मी बावीस वर्षं काढली. असे डबे उघडणाऱ्यांतली मी, म्हणून चार शब्द सांगते.

आधी खसखस. आखाती देशांत ती अमली पदार्थांत धरतात. अफूच्या बोंडातलंच बी ते. आपल्याला त्यात काही वाटत नाही, कारण ती देवाच्या पंचखाद्यातच असते: खारीक, खोबरं, खसखस, खडीसाखर, खिसमिस. करंजीच्या सारणात ती असते, गोड्या मसाल्यातही असते. अनारसे तर तिच्यावरच थापतो. यातलं काहीही मुलाच्या बॅगेत घालू नका. चिमूटभरसुद्धा नको.

माझ्या सासूबाईंनी पहिल्या वर्षी दिरांबरोबर अनारसे पाठवायला काढले. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाळवून, कुटून, गूळ घालून मुरवलेलं पीठ. निघायच्या आदल्या रात्री दुबईला राहून आलेल्या शेजाऱ्यांनी डबा बाजूला काढला. आई दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी पांढऱ्या तिळावर थापले. खरं सांगू का, मला तेच जास्त आवडले. त्यांच्यापुढे मात्र मी तसं कधी म्हटलं नाही.

दुसऱ्याचं बंद पुडकं तर मुळीच नेऊ देऊ नका, मग ते सख्ख्या नातेवाइकाचं का असेना. २०१९ साली मुंबईचं एक जोडपं असंच नातेवाइकाचं पुडकं घेऊन दोह्याला उतरलं. त्यात चरस निघालं. निर्दोष सुटून घरी यायला २०२१ उजाडलं.

बाकी चकली, शंकरपाळे, बेसनाचे लाडू खुशाल द्या. ओल्या नारळाचं काही नको. आणि थोडं जास्तच द्या. तिकडे दिवाळीला सुट्टी नसते; पोरं कामावरून येतात, शुक्रवारी निवांत डबा उघडतात. एका खोलीत सहा-आठ जण, त्यांत नेपाळी, केरळी, बंगाली. एकट्याने खाणं जमतच नाही. चिपळूणकडच्या एका मुलाच्या वाट्याला घरच्या डब्यातला एकच लाडू आलेला मी पाहिलाय, आणि तो खुशीत होता.

तिथल्या लोकांनाही हे वाटणं नवं नाही. रमजानच्या चौदाव्या रात्री गरंगाओ असतो. लहान मुलं गळ्यात कापडी पिशव्या अडकवून गाणी म्हणत दारोदार येतात. त्यांना बदाम, अक्रोड, भुईमुगाच्या शेंगा, गोळ्या द्यायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपला भोंडला आणि खिरापत आठवली. पुढे मी दरवर्षी त्या रात्रीसाठी सुका मेवा आणून ठेवत असे.

आता इथली गोष्ट. मुलगा तिकडे, आणि गुडघ्यांमुळे आईला इथे चुलीपुढे बसवत नाही, अशी घरं आपल्यात आहेत. त्यांच्याकडे ना डबा भरला जातो, ना घरात फराळ होतो. महिला मंडळ यंदा त्यांच्यासाठी फराळ करणार आहे, अनारसे तिळावरचे. तांदूळ, गूळ, तूप, डाळ, जे जमेल ते वसुबारसेच्या आठ दिवस आधी कार्यालयात आणून द्यावं. अशा घरांची नावंही सांगा, पण हळूच, चारचौघांत नको. आणि मागच्या वर्षीचे स्टीलचे डबे ज्यांच्याकडे राहिलेत, त्यांनी ते कृपा करून परत करावेत.