‘मला रक्तदाब नाही’

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



अशा मंगल प्रसंगी व्याधीचा विषय काढणे कित्येकांना रुचणार नाही. परंतु पन्नास वर्षांपूर्वी ज्या तरुणांनी या परमुलखात मंडळाचे रोपटे लावले, ते आज पंचाहत्तरी ओलांडून पुढच्या रांगेत बसले आहेत. त्यांच्यासाठीच हा विषय.

‘मला रक्तदाब नाही,’ हे वाक्य मी दवाखान्यात रोज ऐकतो. शब्दशः पाहू गेल्यास रक्तदाब नसलेला मनुष्य जिवंतच असणार नाही! बोलणाऱ्याचा आशय, तो वाढलेला नाही, एवढाच असतो. पण हे त्याला कळले कसे? उच्च रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. ज्याने तो मोजलाच नाही, त्याचे ‘नाही’ हे उत्तर नसून केवळ अज्ञान असते.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये वार्धक्यासंबंधी देशव्यापी पाहणी केली. तीत पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना केवळ प्रश्न विचारून न थांबता त्यांचा रक्तदाब मोजण्यात आला. सुमारे ४६ टक्के लोकांना उच्च रक्तदाब असल्याचे दिसले; पण त्यांपैकी सुमारे ५६ टक्क्यांनाच त्याचे निदान आधी झालेले होते. म्हणजे शंभर रुग्णांतील चव्वेचाळीस जणांना आपला रोग ठाऊकच नव्हता. ‘आहे’ म्हणणाऱ्यावर सहसा विश्वास ठेवावा. ‘नाही’ म्हणणाऱ्याचा दंड मात्र पट्ट्यात गुंडाळावा, हेच खरे.

आता घरचेच उदाहरण सांगतो. माझे वडील गावी राहत. दर रविवारी मी दूरध्वनीवर विचारी, ‘अण्णा, रक्तदाब वगैरे काही?’ ‘छे रे, मला तसले काही नाही,’ हे ठरलेले उत्तर. एके पहाटे त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. नंतर त्यांच्या कपाटात चार वर्षांपूर्वीची एक चिठ्ठी सापडली. तीवर आकडा होता १६०/१००. डॉक्टरांनी महिन्याच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या संपल्या, बरे वाटले, अण्णांच्या लेखी रोगही संपला. ते खोटे बोलले नव्हते. चूक माझी होती. डॉक्टर असूनही मी शब्दावर विसंबलो, आकडा विचारला नाही.

गोळीने रक्तदाब आटोक्यात राहणे म्हणजे रोग जाणे नव्हे. वैद्यकीय सल्ल्यावाचून गोळी सोडू नये.

मोजण्याचीही एक रीत आहे. आधी अर्धा तास चहा व तंबाखू टाळावी, लघवीला जाऊन यावे. मग पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून स्वस्थ बसावे. दंड हृदयाच्या पातळीवर असावा. मोजताना बोलू नये. एक-दोन मिनिटांच्या अंतराने पुन्हा मोजावे. दवाखान्यात सातत्याने १४०/९० किंवा त्याहून अधिक आकडा आला, तर उपचारांचा विचार हवा. एकदाच वाढलेला दिसला म्हणून घाबरू नये. डॉक्टरांना पाहूनही कित्येकांचा दाब चढतो.

आपण सारे घरापासून दूर. वडीलधाऱ्यांची खुशाली आपल्याला शब्दांतूनच कळते, आणि मुलांना काळजी नको म्हणून ते ‘बरे आहे’ म्हणतात. यापुढे एवढेच करा: ‘कसे आहात?’ याच्या जोडीला ‘शेवटचा आकडा किती, आणि तो कधी घेतला?’ हेही विचारा. आणि आपला स्वतःचा आकडा वहीत टिपून ठेवा.