आधी कान, मग जीभ



अमरावती-अकोल्याच्या उर्दू शाळांतून शिकलेली आपली काही मुले मराठीचा पेपर चांगला सोडवतात; पण मुलाखतीत दोन वाक्यांतच अडखळतात. कोणी हसले, की पुढे तोंड उघडत नाहीत. हा दोष बुद्धीचा नव्हे. कानाला वळण लागलेले नसते, एवढेच.

मराठीत च, ज, झ ही अक्षरे एकेक, पण उच्चार दोन-दोन. 'चार' या आकड्यातला च तालव्य. 'चारा' यातला दंत्य, म्हणजे त आणि स एकत्र आल्यासारखा. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. लिहिण्यात फरक नाही, बोलण्यात आहे. उर्दूतला 'चे' तालव्यच असतो, म्हणून आपले मूल 'चांगला' हा शब्द 'चाय'सारखा सुरू करते.

रशियन भाषेत तर बहुतेक व्यंजनांच्या अशा जोड्या आहेत. त्यांना तेथे कठीण व मऊ म्हणतात. 'ब्रात' म्हणजे भाऊ. त्यातला त मऊ केला की अर्थ होतो 'घेणे'. मऊ व्यंजन उच्चारताना जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलावा लागतो. रशियन लिपी हा फरक खास चिन्हाने किंवा पुढील स्वराच्या अक्षराने दाखवते. मराठी लिपी दाखवत नाही. म्हणून नुसत्या वाचनाने तो साधत नाही.

तरी एक खूण ध्यानात ठेवा. पुढे इ, ई, ए किंवा य आला, की मराठी च, ज, झ तालव्य होतात: माझा–माझी, पाचवा नव्हे तर पाच–पाची. 'चंद्र', 'चहा' असे शब्द मात्र ऐकूनच शिकावेत.

अभ्यास सोपा आहे. एकाने तोंडापुढे वही धरून 'चार–चारा', 'वेल–वेळ' अशा जोड्यांतला एक शब्द म्हणावा. दुसऱ्याने कोणता ते सांगावे. कान चुकेनासा झाला, की जीभ वरच्या दातांमागे टेकवून दंत्य च म्हणावा. रोज दहा मिनिटे पुरेत.

पालकहो, 'क़ल्ब' म्हणजे हृदय आणि 'कल्ब' म्हणजे कुत्रा, हा भेद आपली मुले लहानपणीच शिकतात. तोच कान मराठीलाही द्या. आणि कोणाच्या उच्चाराला हसू नका. आपल्या वऱ्हाडात 'डोळा'सुद्धा 'डोया' होतो. मूल बोलत राहिले, तरच सुधारेल.