लाल बावटा नसलेलं जहाज

(तारकर्ली येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी वक्ता नाही. एका बंदरात ठेकेदाराच्या हाताखाली माल उचलतो. मॅट्रिक पास. रात्रपाळी नसली की कविता लिहितो. तुम्ही मला या वाळूवर बोलायला उभं केलंत, म्हणून वाळूपासूनच सुरू करतो.

4 डिसेंबर 2023. याच तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिनाची प्रात्यक्षिकं झाली. पंतप्रधान आले. समोर युद्धनौका, वर विमानं, पाण्यातून बाहेर पडणारे कमांडो. मी सुट्टी टाकून गावी आलो होतो. आजीला घेऊन लांबून, माडांतून बघत होतो. सगळं आटपल्यावर आजी म्हणाली, "ही कसली रे लढाई, झिला? एक पण माणूस पडलो नाय."

आजूबाजूचे हसले. मला काही हसू आलं नाही.

4 डिसेंबरच का? तर 1971 साली त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर हल्ला केला. खरी गोष्ट आहे, मर्दुमकीची आहे. पण कॅलेंडर पाच दिवस पुढं सरकवा. 9 डिसेंबरला दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीनं 'खुकरी' बुडवली. 18 अधिकारी आणि 176 खलाशी गेले. दीवला त्यांचं स्मारक आहे, कुणी ते लपवत नाही. पण 9 तारखेचं प्रात्यक्षिक कुठल्या किनाऱ्यावर होत नाही.

कुणी म्हणेल, सणाच्या दिवशी मढं कशाला आठवायचं? म्हणून स्पष्टच सांगतो. गोड बातमी खोटी असते एवढंच माझं भांडण नाही. गोड बातमी माणसं मारते. दोन दाखले देतो.

पहिला, पहिल्या महायुद्धातला. इंग्रजांनी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात पाठवली, म्हणजे आजच्या इराकात. 103, 110, 117 नंबरच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. नोव्हेंबर 1915 मध्ये बगदादच्या अलीकडे, टेसिफॉनला, चार हजारांवर माणसं मेली नि जखमी झाली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खटाऱ्यांतून नदीवर आणलं नि बोटींत कोंबलं. वरच्या साहेबांची तार गेली : जखमींची प्रकृती समाधानकारक, वैद्यकीय व्यवस्था उत्तम. इकडे बसऱ्याच्या धक्क्यावर मेजर कार्टर नावाचा डॉक्टर उभा होता. 'मेजिदिया' बोट जवळ आली तेव्हा तिच्या बाजूंना दोरखंडं लोंबतायत असं त्याला वाटलं. ती दोरखंडं नव्हती. डेकवरच्या माणसांची ओघळून सुकलेली विष्ठा होती. आत सडलेल्या जखमा. त्यानं तोंड उघडलं, तर त्यालाच अटकेची धमकी. चौकशी कमिशनचा अहवाल 1917 साली आला, तेव्हा हे जगाला कळलं. आता तुम्हीच सांगा, सगळं उत्तम आहे अशी तार गेल्यावर जादा बोटी, जादा डॉक्टर कोण पाठवणार? पुढं याच डिव्हिजनला कुत-अल-अमाराला वेढा पडला. 29 एप्रिल 1916 ला उपाशी माणसांनी हत्यारं खाली ठेवली. तेरा हजारांच्या आसपास कैद झाले. त्यातले किती तरी परत आलेच नाहीत.

दुसरा दाखला माझ्या जातीचा. म्हणजे गोदीवाल्यांच्या जातीचा.

14 एप्रिल 1944. मुंबईची व्हिक्टोरिया गोदी. 'फोर्ट स्टिकीन' जहाज धक्क्याला लागलेलं. पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं, त्यात कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा. स्फोटकांच्या जहाजावर लाल बावटा लावायची रीत होती. पार्टीचा नव्हे, धोक्याचा. तो लावलाच नव्हता. दुपारी जेवणवेळेच्या सुमारास धूर दिसला. दोन तास बंबवाले पाणी मारत राहिले. आजूबाजूच्या धक्क्यांवर काम चालूच. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासानं दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकानं धक्का नोंदवला. आगीशी लढणारे 66 बंबवाले गेले.

मुंबई जळत होती नि सरकारनं बातमी दाबली. दुसऱ्या दिवशी जपान्यांच्या हातातल्या सायगाव रेडिओनं ती जगाला सांगितली. आपल्या सरकारनं बातमी बाहेर जाऊ दिली ती मे महिन्यात. म्हणजे शत्रूला ठाऊक होतं. मग लपवलं कुणापासून?

आणि हिशेब बघा. सोन्याच्या विटा 124, पक्का आकडा. माणसं? कुणी म्हणतो आठशे, कुणी तेराशेच्या वर. विटेची पावती होती. हमालाची पावती कोण ठेवणार?

आता अवघड गोष्ट. ती तारीख कुठली? 14 एप्रिल. त्या दिवशी बाबासाहेबांना 53 वर्षं पूर्ण झाली. आणि ते त्याच सरकारात, व्हाइसरॉयच्या कौन्सिलात, मजूरमंत्री होते. हे मी गाळलं तर मीही सेन्सॉरच झालो. बाबासाहेब लढाईच्या बाजूनं होते. पण त्यांनी साखर वाटली नाही. नोव्हेंबर 1942 मध्ये ते मुंबई रेडिओवरून कामगारांशी बोलले, ते ही लढाई जिंकणं कामगाराच्या हिताचं का आहे, याची कारणं देत. कारण दिलं की माणूस उलट प्रश्न विचारू शकतो. साखर तोंडात घातली की तोंड बंद. फरक एवढाच आहे, पण तोच सगळा आहे.

आणि गोड बोलणं आपल्याइतकं कुणी चाखलंय? महारांना लढाऊ जात नाही म्हणून फौजेचं दार बंद केलं. 1917 मध्ये माणसं कमी पडली तेव्हा आम्ही लढाऊ झालो, 111 नंबरची महार पलटण उभी राहिली. लढाई संपली, 1921 मध्ये पलटण मोडली. 1941 मध्ये पुन्हा लढाई, पुन्हा आम्ही लढाऊ, बेळगावला महार रेजिमेंट. रेजिमेंटचा मला अभिमान आहे. पण भरतीचं पोस्टर आपल्याला कधी शूर म्हणतं नि कधी विसरतं, याची तारीखवार वही आपण ठेवायला पाहिजे.

शेवटी माझं. मी काम करतो तिथं गेटवर एक बोर्ड आहे. 'अपघाताविना दिवस', खाली आकडा. परवा माझ्या टोळीतल्या पोराची दोन बोटं सिलिंगच्या साखळीत गेली. त्याला रिक्षात घातलं, फडकं लाल झालं. सकाळी बोर्डावर 212 होते, दुसऱ्या दिवशी 213. मुकादमाला विचारलं तर म्हणाला, "अपघात नाय रे तो, त्याची चूक." बोर्ड स्वच्छ, म्हणून साखळी बदलली नाही. त्याच साखळीखाली आता दुसरं पोरगं उभं आहे. गोड बातमी माणसं मारते म्हणतो, ते असं.

मी ओल्या फडक्यानं आकडा पुसला नि खडूनं शून्य लिहिलं. आठवडाभर माझी हजेरी बंद आहे. म्हणूनच आज तुमच्यासमोर उभा राहायला वेळ मिळाला.

सोमवारी कामावर जाईन. पोराची बोटं काही उगवलेली नसतील. बोर्डावर जो आकडा असेल तो पुसून पुन्हा शून्य लिहीन. तुमच्या मिलच्या, कारखान्याच्या, हॉस्पिटलच्या गेटवर असा बोर्ड असेल. खडू महाग नाही.

जयभीम.