शुश्रूषा करणाऱ्याची झोप



विषय जाहीर झाला तो ‘घरातल्या आजाऱ्यांची सेवा’. मला बोलायचं आहे ती सेवा करणाऱ्या माणसाबद्दल. त्याची झोप हा रुग्णाच्या उपचाराचाच भाग आहे आणि तिची सोय करणं हे गावाचं काम आहे, एवढं आज तुम्हाला पटवायचं आहे.

गाडगेबाबांचं चरित्र अमरावतीकरांना मी काय सांगावं? शेंडगावचा जन्म, खराटा, कीर्तन, १९५६ साली वलगावजवळ ठेवलेला देह, सगळं तुम्हाला पाठ आहे. पण मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी धर्मशाळा उभारली ती कोणासाठी? रुग्णांच्या नातेवाइकांसाठी! रोग्याला खाट मिळाली, पण त्याच्यासोबत आलेल्या बाईनं पाठ कुठं टेकायची, हा प्रश्न आपल्या वऱ्हाडातल्या या माणसाला पडला.

दर्यापूरकडच्या एका ताईची गोष्ट सांगतो. सासूला लकवा, उजवी बाजू गेलेली. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, हे तिला सांगितलं होतं. तिनं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला दहा, बारा, दोन, चार असे रकाने पाडले होते. कूस बदलली की काडी ओढायची. म्हातारीच्या कमरेखाली जुनं लुगडं दुमडून घातलेलं. ते ओढलं की एकटीलाही तिला वळवता येई. टाचा गादीला घासू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी. आणि उजाडलं की कापूस वेचायला वावरात. मी विचारलं, “ताई, काय पाहिजे?” वाटलं, औषधाचं बोलेल. ती म्हणाली, “डाक्टर, बुढीचं समदं करतो मी, त्याचं काही नाही. पण एक रात सलग झोपाले भेटली पाह्यजे.”

मागून कोणी म्हणालं, “पोरं पुण्याला!” (हशा) हो, आणि पैसेही पाठवतात. पण रात्री दोनला उठायचं कोणी? समोर काही चेहरे उतरले. मी कोणाच्या मुलाला आरोपी करत नाही. २००७च्या कायद्यानं आई-बापांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. जागरणाची वाटणी कायद्याला करता येत नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी नोकरीभरात ७३० दिवसांची रजा आहे. सासू-सासऱ्यांच्या अंथरुणासाठी तशी वेगळी रजा नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. मागणी तेवढी सांगतो. गणेश मंडळं, भजनी मंडळं वॉर्डावॉर्डात आहेत. प्रत्येक मंडळातल्या चौघांनी कूस बदलणं, भरवणं, लघवीची पिशवी रिकामी करणं नर्सबाईंकडून शिकावं आणि आठवड्यातली एक रात्र अशा एका घराला द्यावी. बाईची शुश्रूषा असेल तिथं बायांनी जावं. शिकवायला मी येतो. ज्यांच्या घरी असं दुखणं आहे आणि ज्यांना रात्र देता येईल, त्या दोघांनीही जाताना दारातल्या वहीत नाव लिहा. टाळ्या नकोत, नावं द्या.