राज्यावांचून राजपुत्र
(महोत्सवाच्या सभेंत वाचलेलें भाषण)



अशा सभेंत एखाद्या संताचें चरित्र सांगावें अशी रीत आहे. आम्हीं घेतलेला विषय संताचा नव्हे, एका राजपुत्राचा आहे. ख्रिस्तसभेनें त्यांस संत म्हणून घोषित केलेलें नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों.

राज्यावांचून राजपुत्र ही गोष्ट वऱ्हाडास नवी नाहीं. आमचें वाशीम म्हणजे वाकाटकांचें वत्सगुल्म. राजधानी गेल्यावर मागें काय उरतें तें येथल्या मातीला ठाऊक आहे. पुढें १८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत गेलें, आणि १९०२ मध्यें सालीना २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानें त्यांच्याकडेच राहिलें. तरीहि १९३६ च्या करारानें निजामांचे वडील चिरंजीव आझम जाह यांस ‘प्रिन्स ऑफ बेरार’, म्हणजे वऱ्हाडचे युवराज, ही पदवी मिळाली! पदवी आमच्या प्रांताची, पण कारभार मध्यप्रांत सरकारचा. वाशीमचा पाटील त्यांच्या हुकुमाची वाट पाहत बसत नव्हता. १९६७ मध्यें निजाम वारले, तेव्हां वारसा पुत्रास न मिळतां नातवास, मुकर्रम जाह यांस मिळाला. आझम जाह १९७० मध्यें निवर्तले. पित्यानेंच डावललेल्या पुत्राच्या मनांत काय चाललें असेल, तें परमेश्वरच जाणे.

आतां दुसरे युवराज. त्यांस कोणीं डावललें नाहीं. तेच बाजूस झाले.

जर्मनींतील सॅक्सनीचे राजपुत्र गेऑर्ग यांचा जन्म १५ जानेवारी १८९३ रोजीं ड्रेस्डेन येथें झाला. सॅक्सनी हें मोठें चमत्कारिक राज्य होतें. प्रजा बहुतेक ल्यूथरच्या पंथाची, आणि राजघराणें मात्र १६९७ पासून कॅथोलिक. कारण त्या सालीं तेथील अधिपतीनें पोलंडच्या मुकुटासाठीं कॅथोलिक पंथ स्वीकारला. मुकुटासाठीं केलेल्या त्या पंथांतराच्या घराण्यांत पुढें मुकुट टाकून वेदीकडे जाणारा पुत्र निपजावा, याचें आम्हांस राहून राहून नवल वाटतें.

गेऑर्ग नऊ वर्षांचे असतां, डिसेंबर १९०२ मध्यें, त्यांची माता लुईझे राजवाडा सोडून निघून गेली. सर्व युरोपांत गवगवा झाला आणि १९०३ मध्यें विवाहविच्छेद झाला. दोन वर्षांनीं मुलांस भेटावें म्हणून ती ड्रेस्डेनला आली, तेव्हां तिला राजवाड्यांत पाऊल टाकूं दिलें नाहीं. दोष कोणाचा, याचा निवाडा करण्यास आम्ही बसलों नाहीं. आम्हांस दिसतो तो वाड्याच्या आंतला मुलगा. त्याच १९०४ सालीं वडील राजे झाले, आणि हा मातेविना वाढणारा मुलगा युवराज झाला.

पहिल्या महायुद्धांत गेऑर्ग लढले, जखमी झाले. १३ नोव्हेंबर १९१८ रोजीं वडिलांनीं राज्यत्याग केला. त्या वेळीं युवराज पंचवीस वर्षांचे होते. जर्मनींत अशीं सिंहासनें एकामागून एक रिकामीं झालीं, आणि कित्येक राजपुत्र गेलेलें राज्य परत येईल या आशेवर बसून राहिले. गेऑर्ग यांनीं विद्यापीठांत जाऊन तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या यांचें अध्ययन सुरू केलें आणि १९२३ मध्यें वारसाहक्क सोडला. राजपक्षाच्या लोकांस हें मुळींच रुचलें नाहीं. राज्य पुन्हां उभें राहिलें तर गादीवर कोण बसणार, असा त्यांचा प्रश्न होता. १९२४ च्या जुलैंत त्यांस गुरुदीक्षा मिळाली, आणि पहिली पवित्र मिस्सा त्यांनीं सिबिलेनॉर्ट येथें वडिलांच्या वास्तव्याच्या वाड्यांत अर्पण केली. पदच्युत राजा पुत्राच्या हातून प्रभुभोजन घेतो, हा प्रसंग डोळ्यांपुढें आणून पाहावा. घराण्यांत त्यांचे चुलते माक्स हे आधींच धर्मगुरू झाले होते, हेंहि येथें नमूद करतों.

प्रथम त्यांचें मन संत फ्रान्सिसच्या संघाकडे ओढलें. परंतु कल अध्ययनाकडे व उपदेशाकडे असल्यामुळें ते अखेर येशूसंघांत गेले. याच संघाच्या जर्मन धर्मगुरूंनीं १८६९ मध्यें मुंबईचें सेंट झेवियर महाविद्यालय स्थापिलें, आणि पुण्यापर्यंत शाळा व देवळें उभीं केलीं. तेव्हां हे राजपुत्र आपणांस अगदींच परके नव्हेत.

पुढें बर्लिन हें त्यांचें कार्यक्षेत्र झालें. तेथें ते व्याख्यानें देत, एकांतसाधनेचे वर्ग चालवीत, आणि कॅथोलिक व प्रॉटेस्टंट यांच्यांत सलोखा व्हावा म्हणून झटत. ज्या प्रजेचे ते राजे व्हावयाचे, तिच्याशींच हें नवें नातें जडलें म्हणा ना! १९३३ पासून नाझी राजवट आली. त्यांचे दोन मेहुणे त्या पक्षाचे भक्त होते. पण गेऑर्ग यांनीं यहुदी लोकांच्या द्वेषास उघड विरोध केला, आणि त्यांतील कित्येकांस देशाबाहेर निसटण्यास साहाय्य केलें. गेस्टापो या गुप्त पोलिसांची त्यांच्यावर नजर असे. ज्यांचा जीव धोक्यांत, त्यांस आश्रय देणारा स्वतः धोक्यांत येतो; हें ठाऊक असूनहि ते मागें फिरले नाहींत.

१४ मे १९४३ रोजीं ते बर्लिनजवळच्या ग्रोस-ग्लीनिकर सरोवरांत पोहावयास गेले, ते परतले नाहींत. कांहीं दिवसांनीं देह सांपडला. हृदयक्रिया बंद पडून मृत्यू आला असें वैद्यकीय तपासणींत ठरलें. घातपाताचा संशय मात्र कित्येकांच्या मनांतून गेला नाहीं. आम्ही संशयाच्या आधारावर कोणास हुतात्मा म्हणत नाहीं. पन्नाशीच्या गृहस्थाचें हृदय पाण्यांत थांबूं शकतें, आणि त्या राजवटीनें माणसें नाहींशीं केलीं हेंहि तितकेंच खरें.

ड्रेस्डेनच्या राजदेवळांत, पूर्वजांजवळ, त्यांस मूठमाती मिळाली. १९४५ च्या फेब्रुवारींतील बाँबवर्षावांत तें देऊळहि भंगलें. माता लुईझे पुत्राच्या मागें चार वर्षें जगल्या, आणि १९४७ मध्यें ब्रसेल्स येथें वारल्या.